डाव्या बाजूची गॅलरी

समुद्र आणि फ्रीगंज यांचा परस्परसंबंध काय, असे कोणी विचारले असते तर गेल्या दिवाळीपर्यंत आम्हीही 'काही नाही' असेच उत्तर दिले असते. माळव्याच्या पठारावरचे हे आमचे उज्जैन. पाणी म्हणावे तर क्षिप्रेचे, आणि तेही रामघाटाच्या पायऱ्यांशी संथपणे टेकून असलेले. असे असूनही दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एका प्रवासी जहाजाचा नकाशा पसरलेला होता. त्यावर वरणाचे दोन डागही पडले. टॉवर चौकातून भाजी घेऊन परतणारे शेजारी आत डोकावत आणि, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता तेदेखील, कोणती केबिन घ्यावी याविषयी ठाम मत देऊन जात.

या साऱ्याचे कारण आमच्या मातोश्री. आई आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याजवळ, निवतीच्या बाजूला. १९६१ च्या मे महिन्यात लग्न होऊन त्या उज्जैनला आल्या. आजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत इकडे आलेले, त्यामुळे वऱ्हाड माळव्यातले आणि वधू कोकणातली. पावसाळ्यात बोटी बंद होत. मेअखेरची बोट चुकली तर नारळी पौर्णिमेनंतरची वाट पाहावी लागेल म्हणून सारा समारंभ घाईघाईत उरकला. होडीतून नेऊन नव्या नवरीला मोठ्या बोटीवर चढवले, डेकवर पथारी पसरली, आणि रात्री बोट उत्तरेकडे निघाली. त्या रात्री काय पाहिले, याचे वर्णन आईंच्या तोंडून आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. गाव दिसेनासा झाला, किनारा काळोखात गेला, आणि समुद्रातल्या खडकांवरचा दिवा मात्र कितीतरी वेळ दिसत राहिला. तोच दिवा माहेरच्या अंगणातून लहानपणापासून त्यांना दिसे. त्या दिव्याकडे पाहत त्या रडल्या, मग बोट लागली, आणि मग रडण्याचेही त्राण उरले नाही.

हा दिवा वेंगुर्ले रॉक्सवरचा. किनाऱ्यापासून काही मैल आत, भर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे; त्यावर दीपगृह आहे. तेथल्या गुहांतून पाकोळ्यांच्या जातीचे पक्षी घरटी करतात, म्हणून पक्षितज्ज्ञांनाही हे नाव परिचित आहे. आईंना पक्ष्यांशी कर्तव्य नव्हते. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झालेले, दुसऱ्या डोळ्याच्या पडद्याचे काही खरे नाही; पुढच्या वर्षी किती दिसेल हे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले होते. आईंच्या कानांना मात्र काही झालेले नाही. घरी परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "तो दिवा एकदा बोटीवरून बघायचा होता रे."

माहेरी त्या नंतर चार-दोन वेळा गेल्या, पण सडकेने वा रेल्वेने. मुंबई-गोवा प्रवासी बोटींचा जमाना 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या नावांबरोबर मागे पडला. हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही बंदरांची नामावली, जी आमच्या आईंना स्तोत्रासारखी पाठ आहे, ती आजच्या प्रवाशाला ऐकूनही ठाऊक नसते. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर बोटीची आठवण काढणारेही कमी झाले. पुढे २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. ती फार काळ टिकली नाही. २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईत आली. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलेले. अशा जहाजांवर मधल्या बंदरांचा प्रश्नच येत नाही. मुंबईस चढावे, गोव्यास उतरावे, वा तसेच परत यावे. आम्ही कोणत्या जहाजाने गेलो ते सांगत नाही. जाहिरात करण्याचा आमचा मानस नाही, आणि पुढे जी एक तक्रार येणार आहे तिचा डाग जहाजावर पडू नये हीही इच्छा आहे.

केबिनींचे ढोबळमानाने तीन प्रकार. आतली, जिला खिडकीच नसते. दिवा मालवला की दिवस की रात्र कळत नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत स्वस्त. दुसरी खिडकीची; परंतु ती खिडकी उघडत नाही. तिसरी गॅलरीची. गॅलरीला आम्ही मराठीचे शिक्षक 'सज्जा' म्हणतो, पण घरात तसे म्हटले की मुले हसतात, म्हणून गॅलरीच म्हणू. जुन्या काळी आगबोटीवरच्या बड्या साहेबालाही वाटोळ्या खिडकीवर समाधान मानावे लागे. प्रत्येक केबिन बाहेरच्या बाजूची आणि त्यांतल्या बऱ्याच केबिनींना स्वतःची गॅलरी, असे १९८४ च्या 'रॉयल प्रिन्सेस' या जहाजावर झाले, आणि पुढे ती चालच पडली.

गॅलरीच्या केबिनीचे तिघांचे भाडे आमच्या एका महिन्याच्या वेतनाहून अधिक होत होते. आता, आमच्या जुन्या घराला रस्त्याच्या अंगाला एक लाकडी गॅलरी आहे, तिच्या दोन तुळया कुजल्या आहेत आणि त्यासाठी काही रक्कम बाजूला काढून ठेवली होती. सौ. म्हणाल्या, "घरची गॅलरी पडायला आली आणि तुम्ही पाण्यातली भाड्याने घेताय." या युक्तिवादास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आतली केबिन घ्यावी आणि दिवा पाहायला वरच्या मोकळ्या डेकवर जावे, हा मार्ग होता. पण आईंचे गुडघे, हातात काठी, पहाटेची वेळ, जिन्यांवरून वारा, आणि दिवा नेमका किती वाजता येईल याचा भरवसा नाही. त्यांना अंथरुणापासून चार पावलांवर, शाल पांघरून, वाटेल तितका वेळ बसता यायला हवे होते. सौभाग्यवतींनी हे स्वतःच ओळखले आणि तुळयांना टेकू लावून घेतला. गॅलरीची केबिन ठरली.

पण कोणती? येथून खरा अभ्यास सुरू झाला. पुण्याहून चिरंजीव रोज रात्री दूरध्वनीवर मार्गदर्शन करीत. त्यांचे म्हणणे, जितके उंच तितके उत्तम. सौभाग्यवतींना बसमध्ये देवासपर्यंतही मळमळते. त्यांचा आग्रह, जितके खाली तितके बरे. यात आम्ही सौभाग्यवतींच्या पक्षाचे ठरलो, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. शाळेच्या अंगणातल्या सी-सॉवर मुले बसतात. टोकाची दोन वर-खाली होतात, मध्ये उभा असलेला जागच्या जागी राहतो. जहाजाचेही तसेच. नाळेकडच्या केबिनीला लाटेचा उठाव-दबाव अधिक, मागच्या टोकाला तोच हिंदोळा आणि शिवाय यंत्रांची थरथर. डोलणे उंचावर जास्त जाणवते. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, ते डोलणे पुष्कळ कमी करतात. तरीही बोट लागणाऱ्या माणसाने लांबीच्या मध्यावरची आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी हेच खरे. अडचण एवढीच की गॅलऱ्या खालच्या मजल्यांना नसतात. तेव्हा गॅलरीच्या मजल्यांपैकी खालचा, आणि त्याचा मध्य.

नेमक्या मध्यावर दुसरे संकट वाट पाहत असते. जीवनरक्षक होड्या! त्या जहाजाच्या दोन्ही कुशींना टांगलेल्या असतात आणि त्यांच्यालगतच्या केबिनीतून समुद्राऐवजी होडीचे नारिंगी टप दिसते. नकाशावर या होड्या बारीक रेषेने काढलेल्या असतात. आम्ही शाळेतले बहिर्गोल भिंग आणून त्या मोजल्या. त्यानंतर वर आणि खाली काय आहे ते पाहावे. आमच्या मनात भरलेल्या एका केबिनीच्या बरोबर वर पोहण्याचा हौद निघाला, म्हणजे पहाटेपासून खुर्च्या ओढण्याचा आवाज. दुसरीच्या खाली नाचगाण्याचा दिवाणखाना. वरही केबिनी आणि खालीही केबिनी, हे शेजार सर्वांत निरुपद्रवी. उद्वाहनापासून फार लांब नको, आईंना चालवणार नाही. अगदी लगतही नको, रात्रभर वर्दळ असते.

हे सारे कोणीही चौकस माणूस शोधून काढील. परंतु दोन गोष्टी आम्हाला नकाशाने सांगितल्या नाहीत, आईंना समोर बसवून पाहिल्यावर कळल्या. घरच्या गॅलरीत त्या खुर्चीवर बसल्या की त्यांचे डोळे जमिनीपासून अवघ्या तीन-साडेतीन फुटांवर येतात. आणि आमच्या गॅलरीचा लाकडी कठडाही तेवढाच उंच. त्यांना रस्ता दिसत नाही, समोरच्या घराचे छप्पर तेवढे दिसते. हे इतक्या वर्षांत आमच्या ध्यानात आले नव्हते. जहाजावरच्या काही गॅलऱ्यांचा कठडा पोलादाचा, भिंतीसारखा भरीव असतो, काहींचा काचेचा. उभ्या माणसाला दोन्ही सारखेच. बसलेल्या म्हातारीला पोलादी कठड्यामागून आकाश दिसेल, पाणी दिसणार नाही. काचेचाच कठडा हवा, ही अट आम्ही वहीत सर्वांत वर लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या. दुसरी गोष्ट उंबरठ्याची. पाणी आत येऊ नये म्हणून गॅलरीच्या दाराला उंचवटा असतो. घरातले उंबरे आईंच्या पायांना पाठ आहेत. नवा उंबरा, तोही अंधारात, म्हणजे जोखीम. त्यासाठी आम्ही पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी सोबत घेतली, ती पुढे उपयोगी पडली.

राहता राहिली बाजू. जहाजाची डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. रात्री डावीकडे तांबडा दिवा, उजवीकडे हिरवा. ज्याने त्याने आम्हाला सांगितले, उजवी घ्या, सूर्यास्त दिसेल. मुंबईहून दक्षिणेस जाताना पश्चिम उजव्या हाताला येते, तेव्हा ते खरेच आहे. परंतु किनारा, आणि वेंगुर्ल्याचे खडक, डाव्या हाताला. मोठी जहाजे त्या खडकांच्या बाहेरून, पश्चिमेकडून जातात. आम्हाला सूर्य नको होता, दिवा हवा होता. येथे 'पॉश' या शब्दाची एक प्रसिद्ध कथा आठवली. विलायतेहून हिंदुस्थानात येणारे श्रीमंत साहेब उन्हाचा ताप चुकवण्यासाठी येताना डाव्या बाजूची आणि जाताना उजव्या बाजूची केबिन घेत, आणि त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' झाला, असे सांगतात. कोशकारांना याचा पुरावा मिळालेला नाही. व्युत्पत्तीच्या अशा सुबक गोष्टी बहुधा मागाहून रचलेल्या असतात, हे आम्ही वर्गात नेहमी बजावतो. तरी आम्हीदेखील जाताना डावीच घेणार, या विचाराने किंचित पॉश वाटले हे नाकारत नाही.

शाळेतले गणिताचे शिक्षक आमच्या मदतीला आले. पृथ्वी गोल असल्याने दिवा किती लांबून दिसेल, याचा हिशेब असा: उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे, त्याला ३.५७ ने गुणावे, येईल तितके किलोमीटर क्षितिज दूर. गॅलरी पाण्यापासून २५ मीटर उंच धरली तर सुमारे १८ किलोमीटर. दिवा ३६ मीटर उंचीवर धरला तर त्याचे साधारण २१. दोहोंची बेरीज ३९. पंचवीस आणि छत्तीस हे आकडे गुरुजींनी वर्गमुळाच्या सोयीसाठी निवडले होते, हे उघड आहे. पण भरवसा आला. मुंबई ते वेंगुर्ले जलमार्गाने पावणेदोनशे ते दोनशे सागरी मैल. तासाला सोळाच्या वेगाने गेले तर संध्याकाळी सहाला सुटलेले जहाज पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास तेथे असणार. जानेवारीत तेव्हा अंधार असतो. चांदणेही नको म्हणून पंचांग पाहून पौष वद्यातल्या अखेरच्या दिवसांतली फेरी निवडली. (आमचे पौष वद्य म्हणजे इकडचा माघ वदी, रजेच्या अर्जावर तिथी लिहायची नसते हे बरे.)

इतके सगळे ठरवून आम्ही एका प्रवास-दलालाकडे केबिनीचा क्रमांक लिहून दिला, आणि जे तिकीट हाती आले ते उजव्या बाजूचे होते. त्या गृहस्थाने नकाशा उलटा धरला असावा. जहाजाची नाळ कोणत्या टोकाला आहे ते आधी पाहिले नाही की डाव्याचे उजवे होते. आम्ही तक्रार केली तेव्हा त्यांनी शांतपणे म्हटले, "सर, दोनों तरफ़ पानी ही तो है।" दोन दिवस आम्हाला जेवण गेले नाही. बदल करून मिळाला, त्यासाठी जादा रक्कम मोजावी लागली, आणि मिळालेली केबिन आमच्या मूळ पसंतीची नव्हती. मध्यापासून थोडी मागे; एका होडीचे टोक उजव्या कोपऱ्यात दिसणार होते. पण बाजू डावी होती आणि कठडा काचेचा होता. आम्ही पावती खिशात घातली.

अवंतिका एक्सप्रेसने मुंबई सेंट्रल, तेथून बॅलार्ड पिअर. तपासण्या, रांगा, आईंसाठी चाकांची खुर्ची, या तपशिलात वाचकांना गुंतवीत नाही. जहाज धक्क्यावरून सुटले तेव्हा सर्व प्रवासी उजव्या बाजूला लोटले होते. तिकडे कुलाबा, शहराचे दिवे आणि पश्चिमेची लाली. डाव्या बाजूला आम्ही तिघेच होतो म्हणायला हरकत नाही. समोर रायगड जिल्ह्याचा किनारा काळसर होत गेला. खांदेरी बेटावरचे दीपगृह लुकलुकू लागले. आईंनी विचारले, "हा का?" आम्ही म्हणालो, "हा नव्हे, पहाटे." त्या आत गेल्या आणि नऊला झोपल्या. सौभाग्यवतींना बोट लागली नाही. त्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन गाणीसुद्धा ऐकली.

आम्हाला झोप आली नाही. साडेतीनपासून आम्ही गॅलरीत होतो. काळोखात मासेमारीचे दिवे पुष्कळ, पांढरे, हिरवे, एका जागी थांबलेले. प्रत्येक वेळी छातीत धस्स होई, पण ते लुकलुकत नव्हते. पाच वाजता आईंना उठवले. त्या आधीच जाग्या होत्या. उंबरठ्यावरची पांढरी पट्टी अंधारात दिसत होती, तीवरून त्यांनी पाय नीट उचलला. खुर्चीवर बसवून शाल गुंडाळली. भूगोलाच्या पुस्तकात आपण मतलई वारे शिकतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे. आयुष्यभर शिकवूनही ते अंगावर कधी घेतले नव्हते. डाव्या गॅलरीत ते थेट समोरून येत होते, गार आणि खारटपणा नसलेले. आईंनी नाक वर केले. "शेणी जळतायत कुठेतरी," त्या म्हणाल्या. आम्हाला वास आला नाही.

साडेपाच झाले, पावणेसहा झाले. पूर्वेला काळोख किंचित विरळ होऊ लागला आणि आमचा धीर सुटू लागला. उजाडले तर दिवा फिका पडणार. जहाज आमच्या हिशेबापेक्षा सावकाश चालले आहे, की खडक मागेच पडले, काही कळेना. होडीचे ते टोक नेमके पुढची दिशा अडवून होते. आम्ही मनातल्या मनात त्या दलालाला दूषणे देत कठड्यावरून वाकून पाहत होतो, आणि मागून आईंचा आवाज आला. साठ वर्षे उज्जैनात राहून आईंची बोली माळव्याची झाली आहे. 'करून राहिले', 'जाऊन राहिले' असे त्या बोलतात. त्या क्षणी तोंडून जे आले ते आम्ही आजीच्या तोंडूनच काय ते लहानपणी ऐकले होते.

"इलो. दिवो इलो."

होडीच्या टोकाखालून, आम्ही उभे असल्याने आम्हाला न दिसणाऱ्या फटीतून, बसलेल्या आईंना तो आमच्या आधी दिसला होता. थोड्याच वेळात तो मोकळ्या पाण्यावर आला. उजळे, विझे, पुन्हा उजळे. मागे किनारा नव्हताच, नुसता काळोख. आईंनी काठी कठड्याला टेकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मोजू लागल्या. ओठ हलत होते. लहानपणी अंगणात भावंडे मिळून दोन उजेडांमधले आकडे म्हणत, असे त्यांनी नंतर सांगितले. मोजणे जुळले की नाही हे आम्ही विचारले, तेव्हा म्हणाल्या, "आम्ही तेव्हा भराभर म्हणायचो." दिवा हळूहळू मागे सरकला, पहाटेच्या राखाडीत मिसळला, आणि तो होता तेथे खडकांचे दोन-तीन काळे ठिपके तेवढे राहिले. सौभाग्यवतींनी आईंचे पाय चेपायला घेतले. कोणी काही बोलले नाही. सव्वासातला चहा आला.

गोव्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ते इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मंगेशीला जाऊन आलो, आईंनी सोलकढी दोनदा मागून घेतली.

परतीच्या वाटेवर जहाजाचे तोंड उत्तरेला, म्हणजे आमची डावी गॅलरी पश्चिमेला. ज्या सूर्यास्तासाठी सर्वांनी आम्हाला उजवी बाजू घ्यायला सांगितले होते तो असा आपोआप आमच्या दारी आला. उजव्या बाजूच्या केबिनीत सुरतेचे एक कुटुंब होते. त्यांनी, आजींना पुन्हा किनारा पाहायचा असेल तर आमच्या गॅलरीत खुशाल बसवा, म्हणून आवर्जून निरोप पाठवला. आम्ही आईंना विचारायला आत गेलो. त्या गाढ झोपल्या होत्या.